सालीखालचा बाण

शुक्रवारी सकाळी फिर्मिनाने सायकलच्या कॅरियरला पिवळ्या रंगाचा डबा बांधला, दोन ब्रश पँटच्या खिशात खोचले आणि दुकानाला कुलूप घातलं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथे ती सव्वीस वर्षं लोकांच्या सायकली दुरुस्त करत होती, आणि सायकली दुरुस्त करता करता त्यांच्या मालकांनाही सरळ करत होती.

पाव घेऊन परतणारी ग्रासिएत फाटकापाशी थांबली. ती गावच्या पंचायतीची अध्यक्ष. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या.

"रविवारची सायकलफेरी झाली की संध्याकाळी वाट बंद करायचा कागद घेऊन येते. सही कर, म्हणजे सुटलो आपण," ग्रासिएत म्हणाली. "माणूस हरवलेली वाट पंचायतीच्या नकाशावर किती दिवस ठेवायची गं?"

"माणूस सापडेपर्यंत."

"नऊ वर्षं झाली, फिर्मिना."

"मला मोजता येतं. येताना पेन आण तुझं. रंग ढवळायला काडी लागतेच मला."

ग्रासिएत पाव सावरत निघून गेली. फिर्मिना चढाला लागली.

ही वाट तिच्या धाकट्या भावाने, अदेलिनोने शोधलेली. मोंशीकच्या डोंगरावरून निघायची, निलगिरीच्या झाडांतून उतरायची, ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात त्या ओकांच्या रानातून ओढ्यापर्यंत यायची आणि तिथे उजवीकडे वळून थेट समुद्राच्या कड्यावर जायची. एकतीस किलोमीटर. दर वर्षी जुलैत साठ-सत्तर सायकलस्वार तिच्यावरून जात. वाट चुकू नये म्हणून झाडांवर, दगडांवर पिवळी खूण असे: एक बाण आणि त्याखाली सायकलच्या चाकांसारखी दोन वर्तुळं. जिथे जायचं नाही तिथे फुली.

अदेलिनो घाईचा माणूस. त्याचं दुसरं वर्तुळ कधीच पुरं व्हायचं नाही, खाली बोटभर फट राहायची. "पुन्हा पंक्चर!" असं म्हणून फिर्मिना त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "तोंडाला तोंड लाव की रे. गोल म्हणजे गोल." तिची स्वतःची वर्तुळं बांगडीसारखी असायची. तो हसायचा आणि पुढच्या झाडावर पुन्हा पंक्चर काढायचा.

नऊ वर्षांपूर्वी याच आठवड्यात तो खुणा ताज्या करायला गेला. त्याची सायकल ओढ्यापाशी एका ओकाला टेकवलेली मिळाली. शेजारी रंगाचा डबा, झाकण नीट लावलेलं. ब्रश तेवढा मिळाला नाही. पोलीस आले, कुत्री आली, तीन आठवडे रान पिंजून काढलं. कुत्री ओढ्याशी येऊन बसायची आणि पुढे पाऊल टाकायची नाहीत.

तेव्हापासून खुणा फिर्मिना करते. वाट बंद करायची म्हणजे अदेलिनो गेला असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. ते ती देणार नव्हती.

निलगिरी संपली आणि ऊन तापायला लागलं. झुडपांच्या चिकट पानांचा डिंकासारखा वास पसरला होता. खालून कुऱ्हाडींचा आवाज येत होता. यंदा या रानाची पाळी होती. ओकाची साल दर नऊ वर्षांनी काढतात आणि उघड्या तांबड्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहितात. इथल्या झाडांवर सहा होता. सोललेल्या झाडांवर आता पाच लिहिला जात होता.

ती ओढ्याजवळ आली तेव्हा कुऱ्हाडी थांबल्या होत्या.

आठ माणसं सावलीत बसली होती. पाव आणि सॉसेज फडक्यावर उघडं पडलं होतं, पण कुणी खात नव्हतं. नेहमी तिला बघून "काय बाई, आमच्या बैलगाडीला चाक बसवतेस का" म्हणणारी ही माणसं आज जमिनीकडे बघत होती. त्यांचा मुकादम जासिंतो, सत्तरीचा, उठून तिच्याकडे आला.

"पोरी, आज परत जा."

"परत जायला चढ आहे, काका. काय झालं?"

तो वाटेत आडवा उभा राहिला. त्याच्या मागे, ज्या ओकाला अदेलिनोची सायकल टेकवलेली मिळाली होती, त्या ओकाची साल सोललेली होती आणि पुन्हा खोडाला लावून दोरीने बांधलेली होती. काढलेली साल परत बांधताना फिर्मिनाने जन्मात कुणाला पाहिलं नव्हतं. तिने सरळ जाऊन दोरी सोडली.

सालीची फळी खाली पडली. तांबड्या ओलसर खोडावर पिवळा बाण होता. खाली दोन वर्तुळं. दुसऱ्यात बोटभर फट.

"कुणाची चेष्टा ही?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कुणी काढलं हे?"

"मी साल काढली, माझ्या हाताने," जासिंतो म्हणाला. "घट्ट बसलेली होती. बाहेरून सहाचा आकडा, नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिलेला. ऐक, झाडाची साल आतून वाढते. जुनं ते बाहेर ढकललं जातं. आज पाच लिहिला तर नऊ वर्षांनीही पाच बाहेरच दिसेल. आत काही जात नाही. पंचावन्न वर्षं कुऱ्हाड धरतोय मी. आत काही जात नाही."

फिर्मिनाने फळी उचलून उलटसुलट पाहिली. कुठे चीर नव्हती, जोड नव्हता. आतल्या बाजूला तीच खूण उलटी उमटली होती. तिने खोडावरच्या बाणाला बोट लावलं.

बोट पिवळं झालं.

बाण उजवीकडे समुद्राकडे नव्हता. तो ओढ्यापलीकडे दाखवत होता. तिथे वाटच नव्हती, माणसाच्या डोक्यापर्यंत येणारी झुडपं होती.

"पलीकडची तीन झाडंही सोलली आम्ही," जासिंतो हळूच म्हणाला. "तिन्हींवर हेच. एका रेषेत. मग थांबलो."

"थांबलात कशाला? पुढचं सोला."

"नाही."

"मग कुऱ्हाड द्या."

कुणी दिली नाही. तिने स्वतःच एक उचलली, दुसऱ्या हातात रंगाचा डबा घेतला आणि ओढा ओलांडला. झुडपं हातापायांना चिकटत होती, ओरबाडत होती. सोललेली तीन झाडं तिने पाहिली. तिन्ही बाण ओले होते, तिन्ही वर्तुळं पंक्चर. पुढे न सोललेला एक ओक उभा होता. तिने कुऱ्हाड घातली. धार सालीतून थेट खोडात गेली.

"अगं, झाड मारशील!" जासिंतो मागून ओरडला. भीती एकीकडे आणि झाडाला झालेली जखम एकीकडे, त्याला जखम बघवेना. शिव्या घालतच तो आला, तिच्या हातातून कुऱ्हाड हिसकावली, दोन हलके घाव घातले, दांड्याचं टोक फटीत घालून पिळलं. साल करकरत सुटली.

बाण होता. पुढे.

"आणखी एक," फिर्मिना म्हणाली.

"शेवटचं."

पुढचा ओक जुना होता, दोघांच्या कवेत न मावणारा. इथे किड्यांची किरकिर ऐकू येत नव्हती. कुत्री का थांबायची ते फिर्मिनाला आता कळलं, पण तिला त्या कुत्र्यांचा रागच आला. जासिंतोने साल उघडली आणि दोन पावलं मागे सरला.

खोडावर फुली होती. तिच्या खालच्या टोकावरून रंगाचा ओघळ अजून उतरत होता.

इकडे नाही.

फिर्मिना त्या फुलीकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्याबरोबर नऊ वर्षांचा संतापही.

"मला फुली दाखवतोस?" ती झाडावर ओरडली. "आयुष्यात माझं एक अक्षर ऐकलं नाहीस, आणि मी तुझं ऐकू? तू यायला नको म्हणतोस ना? नाही येत. तू घरी ये!"

तिने खिशातला ब्रश काढला, डब्यात बुडवला आणि फुलीच्या शेजारी बाण काढला. गावाच्या दिशेने. त्याखाली दोन वर्तुळं, तोंडाला तोंड लावून.

"नको, पोरी." जासिंतोने तिचं मनगट धरलं. "हात अदेलिनोचा आहे, मान्य. पण त्या हाताला कुणी धरलंय, ठाऊक आहे तुला?"

"ज्याने धरलंय, त्यानेही वाचावं."

परतताना तिने सोललेल्या प्रत्येक झाडावर, मग ओढ्यावर, मग चढाच्या प्रत्येक वळणावर असे बाण काढले. तेवीस झाले. शेवटचा तिने स्वतःच्या फाटकाच्या खांबावर काढला आणि फाटकाची कडी काढून ठेवली.

शनिवारी ती पुन्हा गेली. बूच काढणारे रान सोडून गेले होते. ओढ्यापाशी सोललेल्या खोडांवर कुणी पाचाचा आकडाही लिहिला नव्हता. जुन्या ओकावर फुली राहिलेली नव्हती. तिथे फक्त तिचा बाण होता. ते तिला चांगलं चिन्ह वाटलं, आणि ती शीळ घालत समुद्रापर्यंत खुणा करत गेली.

रविवारी अडुसष्ट स्वार निघाले आणि अडुसष्ट परत आले. कुणी हरवलं नाही, कुणी पडलं नाही. फिर्मिनाच्या अंगणात सार्डिन मासे भाजले गेले आणि सगळे धुळीने माखलेल्या तोंडांनी हसत खात बसले. ग्रासिएत कागद घेऊन आली तेव्हा कुणीतरी "वाट कुणाची?" असं ओरडलं आणि अडुसष्ट जणांनी "अदेलिनोची!" म्हणून छपराचे पत्रे हलवले.

"सही करणार नाहीस ना?" ग्रासिएत म्हणाली.

"नाही."

"मेली हट्टी." ग्रासिएतने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "राहू दे तुझी वाट. मी बघते पंचायतीचं. पण दर वर्षी मला सार्डिन लागतील."

सगळे गेले तेव्हा सात वाजले होते. उतरतं ऊन घराच्या दारावर आलं होतं. फिर्मिनाने ताटं गोळा केली आणि ती उंबऱ्याशी थबकली.

दाराच्या चौकटीला आईच्या वेळचा हिरवा रंग होता. हाताच्या उंचीवर तो फुगला होता. सकाळी फुगलेला नव्हता.

तिने ताटं खाली ठेवली. नखाने फुगवटा उचकटला. रंगाचा पापुद्रा सहज सुटला, ऐन हंगामातल्या बुचाच्या सालीसारखा.

खाली पिवळा रंग होता. ओला.

बाण घराच्या आत दाखवत होता.

फिर्मिना हसली. रडली. दोन्ही एकदम. नऊ वर्षं ती सगळ्या गावाशी भांडली होती, आणि ती जिंकली होती. तिने कमरेच्या फडक्याने नाक पुसलं आणि आतल्या अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात ओरडली, "चिखलाचे बूट बाहेर काढ रे! लादी पुसलीये मी."

आत कुणीतरी बूट काढले. एक. मग दुसरा.

तिने उरलेला पापुद्रा खालपर्यंत ओढला. पहिलं वर्तुळ दिसलं. मग दुसरं.

दुसरं वर्तुळ पुरं होतं. तोंडाला तोंड लावून, बांगडीसारखं गोल.