सहा आठवड्यांची पेज

हिरामणची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्याला धडक दिली म्हणून.

१९८३ सालचा ऑक्टोबर. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नवी लूना घेतली होती आणि वाशीहून तळवलीच्या शाळेत शिकवायला मी तिच्यावरून जायचे. त्या दिवशी कानांत नवे झुमके होते. लूनाच्या आरशात ते कसे दिसतात ते मी पाहत होते… आणि कडेने चाललेली सायकल मला दिसलीच नाही.

इस्पितळात कळलं, त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. अण्णा धावत आले. "कसं झालं गं, जयमाला?"

"तो… तोच एकदम मध्ये आला."

किती सहज बोलले मी!

"ही गावातली पोरं," अण्णा म्हणाले, "रस्ता म्हणजे शेताचा बांध समजतात."

शेजारीच स्ट्रेचरवर तो होता. तोंडावर बँडेज, डोळे उघडे. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं — मी फरशीकडे.

ऑपरेशन करून डॉक्टरांनी त्याचे वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे फक्त पातळ, तेही नळीने ओढून. मला राहवेना. शाळा सुटली की मी घणसोली गावात त्याच्या घरी डबा नेऊ लागले. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, फडक्यातून दोनदा गाळलेली पेज.

त्याची आई, गिरजाबाई, माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "चूक आमचे पोराची, नि डबा तू आनतंस. किती मोठा मन हाय तुजा!"

त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हिरामण कारखान्यात फिटर होता. बांधलेल्या दातांतून शब्द नीट फुटत नसत, म्हणून तो वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, "तोंड फिरवा. पिताना आवाज होतो. सांडतंही."

म्हणजे त्यालाही लाज वाटत होती! मी गिरजाबाईंनी दिलेला चहा बशीत ओतला आणि असा काही फुर्रकन ओढला की… तो हसला. लगेच गाल धरला.

"हसवू नका. तारा टोचतात."

दुसऱ्या दिवशी मी गंभीर चेहरा करून बसले. वही पुढे आली — "आज हसवायला रजा आहे का?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग हसवते."

पाचव्या आठवड्यात त्याचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. आता तो मला तोंड फिरवायला सांगत नसे. एकदा साराचा थेंब त्याच्या हनुवटीवर आला. मी रुमालाने टिपला. हात तिथेच राहिला… आणि मला सोसवेना.

"तुम्ही खरं का नाही लिहिलंत? वही तर हातातच होती."

त्याने लिहिलं, "कोणी वाचलं असतं?"

त्याच संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते रागावले, पण बरोबर यायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनाच घेऊन मी घणसोलीला गेले आणि गिरजाबाईंसमोर उभी राहिले.

"चूक माझी होती. मी आरशात बघत होते. आणि वर खोटं बोलले."

अण्णांनी हात जोडले. गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या मुलाकडे बघत होत्या. "पाच हप्ते मी माजे पोरालाच बोल लावला," त्या म्हणाल्या. मग रिकामा डबा माझ्या हातात दिला. "उद्यापासून नको आनूस."

पंधरा दिवस मी शाळेतून सरळ घरी येत राहिले.

आणि एका संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी तो उभा! तारा निघाल्या होत्या. जबडा अजून आखडलेला होता, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. त्याचा मोकळा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आईचा राग गेला नाय अजून."

"आणि… तुमचा?"

"होता. स्ट्रेचरवर लय होता. तुमी डबा आनायच्या, तो शरमेपायी?"

"आधी शरमेनेच."

"मंग?"

"मग…" माझे कान तापले. "शरम होतीच. पण पोरांना पाढे म्हणायला लावून मी घड्याळ बघत बसायचे… कधी एकदा शाळा सुटते नि तुम्हाला बघते, असं व्हायचं."

तो सायकलची घंटी उगाच चाचपत राहिला.

"मला पन बघायचं होतं," शेवटी हळूच म्हणाला. "म्हनून आलो."

वर गॅलरीत अण्णा येऊन उभे राहिले होते. त्यांना पाहताच हिरामणने सायकल वळवली. "जातो. लोक बघतात."

"बघू देत. वर चल." मी त्याला 'तू' म्हटलं, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"वर? तुमच्या घरात?"

"हो."

त्याने सायकल भिंतीला टेकवली. जिन्यात तो माझ्या एक पायरी मागे चालत होता. मी थांबले — तो बरोबरीला येईपर्यंत — आणि मग आम्ही दोघं मिळून वर गेलो.