खटका कोण उघडतंय?

"अगं, उलटं फिरव, उलटं! डाव्या पेडलचे आटे उलटे असतात!" मावशी ओरडली.

"माहितीये मला!" चौकशी म्हणाली. खरं तर तिला माहीत नव्हतं. तिने गुपचूप पाना दुसऱ्या बाजूला वळवला आणि पेडल लोण्यात सुरी शिरावी तसं आत गेलं.

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बारा वर्षांच्या आयुष्यात तिने जितके प्रश्न विचारले होते, तितके बाकीच्या घराने मिळून विचारले नसतील, म्हणून ते नाव पडलं. सुट्टीत ती मावशीकडे आली होती. सोबत दुसऱ्या मावशीचा मुलगा भोंगा होताच. तो कुजबुजला तरी वरच्या मजल्यावर ऐकू जायचं.

मावशी रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायची. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. दिवसभर वणवण. म्हणून तिने ही घडीची ई-बाईक घेतली होती. मधोमध बिजागरी, खटका उघडला की बाईक पुस्तकासारखी मिटायची.

"आता नीट बघा," मावशी म्हणाली. "खटका पूर्ण दाबायचा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. मग वरची छोटी कडी सरकवायची. नुसता टेकवला तर बाईक उभी राहते, पण खड्ड्यात गेली की मोडते. सीटच्या दांड्यावर ही रेघ आहे ना, ती दिसायला लागली की समजायचं, सीट जास्त वर आली. ब्रेक दाबून बघायचे, टायर चिमटून बघायचे. आणि बॅटरी काढून वर आणायची, डोळ्यांसमोर चार्ज करायची, तिच्याच चार्जरने."

"आणि आम्ही चालवायची कधी?" भोंग्याने विचारलं.

"हात लावायचा नाही! तुमचे पाय रस्त्याला पुरतील तेव्हा बघू."

बाईक तळमजल्यावर जिन्याखाली राहू लागली. मावशी सकाळी जायची, बाराला जेवायला यायची आणि चारला पुन्हा निघायची.

चौथ्या दिवशी ती चारला निघाली आणि पाच मिनिटांत परत आली. पायी! बाईक ढकलत, तळहात खरचटलेला, कपडे मातीने भरलेले.

"मावशी! काय झालं?"

"कोपऱ्यावर मधूनच दुमडली. मागून टेम्पो येत होता. नशीब, त्याने वेळेत ब्रेक मारला." ती खुर्चीत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. दुपारी तुम्ही घडी घालून बघितलीत ना?"

"नाही!" दोघं एकदम म्हणाले.

"मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा."

मावशी रागावली असती तर परवडलं असतं. ती त्यांच्याकडे बघेना, हेच जास्त लागलं. सकाळी मावशीला कडी सरकवताना चौकशीने स्वतः पाहिलं होतं आणि बाराला बाईक धड घरी आली होती. मग मधल्या चार तासांत खटका उघडला कुणी?

"आपण शोधून काढायचं," रात्रीच्या जेवणाआधीच तिने भोंग्याला सांगितलं. "आणि हळू बोल!"

दुसऱ्या दिवशी बाराला मावशी आली. चौकशीने तिची परवानगी घेऊन बाटलीतली लाल नेलपॉलिश काढली आणि खटक्यावरून थेट फ्रेमवर एक बारीक रेघ ओढली.

"ही वाळली की खटका हलवणाऱ्याची चोरी पकडलीच! रेघ मोडल्याशिवाय तो उघडणार नाही."

मग तिने हँडलवरच्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहिला. त्रेसष्ट किलोमीटर चारशे मीटर.

चार वाजता दोघं धावत खाली आली. लाल रेघ मधोमध तुटली होती! कडी उघडी. आकडा मात्र तोच, त्रेसष्ट किलोमीटर चारशे मीटर.

"म्हणजे कुणी चालवलीच नाही," भोंगा चक्रावला. "घडी घातली आणि परत उघडली? हा कसला चोर!"

मावशीने तुटलेली रेघ पाहिली. मग दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चुकले मी. तुमच्यावर उगाच संशय घेतला." तिने खटका 'टक्' होईपर्यंत दाबला, दोनदा हलवून पाहिला आणि मगच निघाली.

आता संशयाची सुई वळली तिसऱ्या मजल्यावरच्या पार्सलदादाकडे. तो दारोदार पार्सलं पोचवायचा. त्याचीही ई-बाईक होती. आणि भोंग्याने त्याला दोनदा जिन्याखाली वाकून काहीतरी बघताना पाहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी अडीचला दोघं जिन्याच्या पहिल्या वळणावर दबा धरून बसली. पावलं वाजली. पार्सलदादा उतरला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मावशीच्या बाईकपाशी वाकला.

"पकडलं!" भोंग्याच्या आवाजाने खिडकीतली कबुतरं उडाली.

पार्सलदादा दचकून उभा राहिला. "काय पकडलं?"

"दादा, रोज आमचा खटका तूच उघडतोस ना?" चौकशीने कमरेवर हात ठेवले. "परवा मावशी टेम्पोखाली जाता जाता वाचली!"

त्याचा चेहरा पडला. "मी? अगं, रोज शंभर किलोमीटर या असल्याच गाडीवर काढतो मी. कुणाचा खटका मी अर्धवट ठेवेन होय?" तो पुन्हा वाकला. "मी वास घेत होतो. तुम्हाला येत नाही?"

चौकशीने नाक पुढे केलं. गोडसर, डोक्यात जाणारा वास. "नेलपॉलिशचा आहे. मी लावली होती."

"कधी?"

"काल बाराला..." बोलता बोलताच ती थांबली. एवढीशी रेघ तर कालच वाळली होती! आणि वास बाईकला नव्हताच. तो मागून येत होता, जिन्याखालच्या बुटक्या दाराच्या फटीतून.

"खराब झालेल्या बॅटरीला असाच वास येतो," पार्सलदादा हलक्या आवाजात म्हणाला. "माझ्या ओळखीच्या एकाची फुगली होती, तेव्हा आला होता."

चौकशी गुडघ्यांवर बसली. दारासमोरच्या फरशीवर धुळीत अर्धगोल ताजा ओरखडा होता, दार उघडताना उमटतो तसा. आणि दारासमोर बरोबर मावशीची बाईक. दार उघडायचं तर बाईक हलवायला हवी, आणि तेवढ्या जागेत ती हलवायची तर घडी घालायलाच हवी!

इमारतीच्या सगळ्या किल्ल्या किल्लीकाकांकडे असायच्या. ते इमारतीचे व्यवस्थापक. चालले की कमरेचा जुडगा खुळखुळायचा.

"काका, जिन्याखालच्या दारामागे काय आहे हो?" चौकशीने शक्य तितक्या भोळेपणाने विचारलं.

किल्लीकाकांनी कानावर हात ठेवले. "काही नाही! सहा वर्षं उघडलेलं नाही ते. किल्लीसुद्धा हरवली. आणि पोरांनो, उन्हाचं इथे काय करताय? जा, झोपा जरा!"

त्यांच्या कपाळावर मात्र घाम आला होता.

संध्याकाळी मावशीने सगळं ऐकून घेतलं. वास घेतला. ओरखडा पाहिला. तिने लगेच फोन करून वायरमनला दुसऱ्या दिवशी चारची वेळ दिली.

"तो खरंच येणार आहे ना?" चौकशीने विचारलं.

"अर्थात! का गं?"

"मग भोंग्याला ही बातमी जिन्यात उभं राहून मला सांगू दे. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजाचा उपयोग होईल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा जिन्यात उभा राहून म्हणाला, "ऐकलंस का? चारला वायरमन येणार! जिन्याखालचं दार तोडून बघणार!" गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांनीही ते ऐकलं.

तीनच्या सुमारास जुडगा खुळखुळला. वळणावर मावशी, पार्सलदादा आणि मुलं श्वास रोखून उभी होती. खाली किल्लीकाका घाईघाईने आले. सराईत हाताने बाईकची घडी घातली, भिंतीला टेकवली आणि 'हरवलेल्या' किल्लीने दार उघडलं!

आत पुठ्ठ्यावर दहा-बारा बॅटऱ्या मांडल्या होत्या. वायरींचं जाळं, एकाच पट्टीला लटकलेले चार वेगवेगळे चार्जर, आणि वर जुनी चादर.

"काका!" मावशी खाली उतरत म्हणाली.

किल्लीकाकांच्या हातून किल्ल्या पडल्या. "मेहुण्याच्या दुकानातल्या आहेत... दुरुस्तीच्या... त्याच्याकडे जागा नाही, म्हणून दुपारपुरत्या चार्जिंगला..."

चौकशीचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. कोपऱ्यातली एक बॅटरी उशीसारखी फुगली होती. तिच्यातून 'स्स्स' असा आवाज आला. मग चादरीखालून धुराची एक पांढरी रेघ वर चढली.

"अरे देवा!" किल्लीकाका तिच्याकडे झेपावले. "बाहेर काढतो—"

"हात लावू नका!" चौकशी किंचाळली. "काका, बाहेर या! दार लावा!"

पार्सलदादाने त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं आणि दार ढकललं. मावशी फाटकाजवळच्या विजेच्या बोर्डाकडे धावली. मुख्य बटण तिने खाली ओढलं. लगेच तिने अग्निशमन दलाला फोन लावला.

"भोंग्या! अंगणात जा आणि सगळ्यांना हाक मार!" मावशी ओरडली.

अंगणाच्या मधोमध उभं राहून भोंग्याने छाती भरून श्वास घेतला. "बाहेर याऽऽ! जिन्याखाली बॅटरी पेटतेयऽऽ! सगळे बाहेर याऽऽ!"

पाचही मजल्यांवरची दारं धाडधाड उघडली. कुणी एका चपलेत, कुणी ओल्या केसांनी, सगळे उतरू लागले. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना चालता येत नव्हतं. पार्सलदादा तीन-तीन पायऱ्या चढत गेला आणि त्यांना पाठीवर घेऊन आला. शेवटच्या पायऱ्या उतरताना दोघांनी नाकाला रुमाल लावले होते. दाराच्या फटीतून आता काळा धूर येत होता. आणि वर-खाली जायला तो एकच जिना!

चौकशीने मजल्यांप्रमाणे माणसं मोजली. "सगळे आले," ती म्हणाली आणि मगच खाली बसली.

बंब आला. तासाभराने आग विझली. खोली आतून कोळसा झाली होती, जिन्याची एक बाजू काळवंडली होती. मावशीच्या बाईकचं सीट वितळलं होतं. माणसाला मात्र साधं पोळलंही नव्हतं.

दलाच्या अधिकारी बाई शिरस्त्राण काढत आल्या. "दार लावून घ्यायचं कुणी सांगितलं?"

सगळ्यांची बोटं चौकशीकडे वळली.

"उघडं राहिलं असतं तर पाच मिनिटांत जिना धुराने भरला असता. वरची माणसं वरच अडकली असती." बाईंनी तिचा हात हातात घेतला. "मोठ्यांना सुचत नाही ते तुला सुचलं. आणि तो आवाज कुणाचा? आमच्या भोंग्यापेक्षा खणखणीत होता!"

भोंगा लाजून चक्क कुजबुजला, "माझा."

किल्लीकाका भिंतीशी मान खाली घालून उभे होते. अधिकारी बाई त्यांचा आणि मेहुण्याचा जबाब लिहून घेणार होत्या. ते मावशीपुढे आले. "ताई, परत लावताना घाईत खटका नुसता टेकवत होतो. तुम्ही पडलात तेही कळलं होतं. तरी गप्प बसलो. माझं चुकलं."

"आजोबांनाही सांगा हे," मावशी म्हणाली. तिचा आवाज कडक होता. "आणि या मुलांना."

त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर.

मग चौकशी पार्सलदादाकडे गेली. "दादा, तुला चोर म्हटलं आम्ही. सॉरी."

"म्हटलंत खरं, पण तोंडावर विचारलंत," तो हसला. "पाठीमागे कुजबुजत बसला असतात, तर त्या वासाचं कुणालाच कळलं नसतं."

आठवड्याने नवं सीट आलं. दोन्ही मुलांनी ते बसवलं आणि दांड्यावरची रेघ आत गेली की नाही ते तपासलं. सकाळी मावशी पिशवी खांद्याला लावून तयार झाली, पण चौकशी अजून मागच्या चाकापाशी बसलेली.

"उशीर होतोय गं!"

"मागचा ब्रेक सैल आहे. दोन मिनिटं."

"काल तर ठीक होता!"

"काल होता," चौकशी पाना फिरवत म्हणाली.

मावशीने घड्याळ पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसून राहिली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हो, आज निघायचं नाही?"

"निघायचंय ना," मावशी म्हणाली. "पण आमच्या मॅडमनी अजून सोडलं नाही."