गप्प पाद्र्यासाठी नक्षीचं रिव्हॉल्व्हर

एलोयच्या बंदुकांच्या दुकानाचं दार वाऱ्याने धाडकन आपटलं, बेनिग्नोने मान वर केली... आणि समोर ती!

मार्चमध्ये आमच्या पिएद्रा सेका गावात वारा सुटला की धूळ कुठे जात नाही ते विचारा. डोळ्यांत, दातांत, कॉफीच्या कपात! केस झटकत, त्या वाऱ्याच्या नावाने बोटं मोडत रोसाउरा आत आली. तिने बेनिग्नोकडे एकदा पाहिलं—परक्या माणसाकडे पाहावं तसं—आणि सरळ काचेच्या कपाटाकडे गेली.

तिने ओळखलंच नव्हतं.

तिला तरी कसा दोष द्यायचा? दोन वर्षं दोघं भेटत होती ती क्लबच्या मैदानावर. तिथे आम्ही सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून येतो, कमरेला दोन्ही बाजूंना जुन्या घाटाची रिव्हॉल्व्हरं अडकवतो आणि लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतो. खरी नावं घरी ठेवून यायची, हा आमचा शिरस्ता. रोसाउरा तिथे ‘काटेरी मॉड’ होती. आणि बेनिग्नो होता ‘गप्प पाद्री’. लांब काळा कोट, रुंद काठाची टोपी, छातीवर रुळणारी दाढी आणि तोंडातून चकार शब्द नाही. फेरी सुरू होण्याआधी नेमबाजाने एखादं नाटकी वाक्य ठोकायचं असतं, मग वेळ मोजायचं यंत्र वाजतं. पाद्री मात्र टोपीला नुसती दोन बोटं लावायचा. पंच हसून बटण दाबायचे. काय झकास सोंग आहे, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

सोंग कसलं! बेनिग्नो लहानपणापासून बोलताना अडखळायचा. शाळेत इतके हाल झाले होते की नंतर त्याने लोकांत तोंड उघडणंच सोडून दिलं. पाद्र्याच्या कोटात गप्प राहिलं तर कोणी कीव करत नाही, उलट दबून वागतात, हे कळल्यावर त्याला केवढं सुख झालं होतं. आता तो कामाला होता त्या तांब्याच्या खाणीत धुळीसाठी नवा मास्क आला, तो तोंडावर घट्ट बसावा म्हणून दाढी काढावी लागली, आणि पाद्र्याचा निम्मा चेहराच गेला.

"एलोय काका, ती नक्षीची दोन दाखवा ना!" रोसाउरा म्हणाली.

म्हाताऱ्या एलोयला पाद्री कोण ते ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, बेनिग्नोकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. बेनिग्नोने घाईघाईने मान हलवली—नको! का नको, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घटकाभर तिला असं जवळून पाहावं, एवढंच वाटलं होतं बिचाऱ्याला.

एलोयने मखमलीवर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवली. दोन्ही इटलीत घडवलेल्या नकला, अस्सल जुन्या वळणाच्या. एक रुपेरी, नळीपासून मुठीपर्यंत पानाफुलांनी भरलेलं. दुसरं काळसर निळ्या नळीचं, मधल्या भागावर आगीत तापवून आणलेले धुरकट रंग, आणि वेल काढलेली ती फक्त गोळ्यांच्या चक्रावर आणि बाजूच्या पत्र्यावर.

"कोणासाठी?" एलोयने मुद्दाम विचारलं.

"पाद्रीबाबांसाठी." तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मागच्या खेपेला त्यांचं डावं रिव्हॉल्व्हर ऐन फेरीत अडकलं. केवढे कावरेबावरे झाले होते!"

ते अडकलेलं रिव्हॉल्व्हर आता बेनिग्नोच्या पायाशी पिशवीत होतं. त्याच्याच जागी दुसरं निवडायला तो आला होता.

"अहो... तुम्ही! जरा हात बघू." तिने त्याचा पंजा स्वतःच्या हातात घेऊन उलटसुलट केला. "असाच रुंद आहे त्यांचा. धरून बघता का? माझ्यासाठी?"

तिची बोटं गार होती. वाऱ्यातून आलेली. ‘माझ्यासाठी’ म्हणताना तिने डोळे असे बारीक केले की नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

त्याने रुपेरी उचललं. एलोयने ते रिकामं असल्याची खात्री करून दिली होती, तरी सवयीने पुन्हा पाहिलं. अंगठ्याने घोडा मागे ओढला. खिडकीतलं ऊन नळीवर पडून थेट डोळ्यांत घुसलं. त्याने मान हलवली.

"का हो? किती सुंदर आहे!"

"ऊ... ऊन..."

"उन्हात चमकेल! हो की! डोक्यातच आलं नाही माझ्या." तिने ते बाजूला सारलं. "आता हे."

निळं त्याच्या हातात गेलं आणि जागेवर बसलं. अक्रोडाची मूठ तळव्यात भरून राहिली. घोडा ओढताना आत सावकाश, एकामागून एक टिकटिक झाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं.

"आवडलं तुम्हाला!" ती टाळी वाजवून म्हणाली. "दृष्ट लागेल हं, असं बघू नका. तुमचं नाहीये ते."

"मी... मी-मी..."

"तुम्हालाही हेच हवंय? अरे देवा! आधी मी मागितलंय हं."

"न-नाही, मी—"

"काका मागवून देतील की दुसरं. भांडताय काय बाईमाणसाशी?"

"पोरी," एलोय म्हणाला, "त्याला बोलू तरी देशील?"

"चुकलं, चुकलं. आमच्या घरच्या खानावळीत ना, जो थांबला तो संपला. बाबा भटारखान्यातून ओरडतात, आई गल्ल्यावरून, गिऱ्हाइकं टेबलावरून. मीही तशीच झालेय." ती काउंटरला टेकली आणि एकदम हळू आवाजात बोलू लागली—परक्यापाशी मन मोकळं करणं सोपं असतं ना! "म्हणून तर ते आवडतात मला. बोलता येत नाही असं नाही हं, त्यांना गरजच वाटत नाही. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की डोक्यातला सगळा कालवा थांबतो. कधी कधी भीती वाटते... एक दिवस तोंड उघडतील आणि चारचौघांसारखेच निघतील. त्यापेक्षा नकोच. जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल मला."

बेनिग्नोने निळं रिव्हॉल्व्हर मखमलीवर ठेवलं. फार जपून ठेवलं.

"मुठीच्या पाठीवर नाव कोरून द्या, काका. ‘गप्प पाद्री’."

"आणि खरं नाव?"

"ते कोणाला ठाऊक! नकोच ते." दाराशी जाऊन ती वळली. "हात उसना दिल्याबद्दल आभार हं!"

दार आपटलं. पुन्हा धूळ आत आली.

"गाढवा!" एलोय कडाडला. "पोरगी तुझ्यावर जीव टाकतेय आणि तू ठोंब्यासारखा उभा!"

"मा-माझ्यावर न-नाही," बेनिग्नो म्हणाला. "त्याच्यावर."

"त्याच्यावर म्हणजे? कोट काढला की तूच ना रे तो?"

तिला काही सांगायचं नाही, एवढं मात्र बेनिग्नोने एलोयकडून वदवून घेतलं.

नंतरचे दिवस त्याने कसे काढले, ते त्याचं त्यालाच माहीत. एकटा असला की बेनिग्नो कधी अडखळत नसे. खाणीत, मास्कच्या आत, यंत्रांच्या घरघरीत तो तिच्याशी घडाघडा बोलायचा. वर आला, मास्क काढला, की शब्द घशातच अडकायचे. दोन वर्षं ज्या बाईसाठी तो झुरला, तिने न विचारताच हो म्हटलं होतं, आणि त्या होकारात त्याला जागा नव्हती. रिव्हॉल्व्हर घ्यावं, टोपीला बोटं लावावीत आणि उभं आयुष्य तोंड शिवून तिच्याशेजारी काढावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. बायकोला हाक मारायची नाही, पोर झालं तर त्याला गोष्ट सांगायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तेवढ्यालाही त्याचं मन तयार होत होतं. तेव्हा त्याला स्वतःची फार घृणा आली.

पुढच्या सामन्याला तो आला, तो नाकापर्यंत काळा रुमाल बांधून.

"पाद्री डाकू झाला रे!" कोणीतरी ओरडलं. सगळे खिदळले.

गोळ्या भरायच्या टेबलापाशी रोसाउराने त्याच्यासमोर पेटी ठेवली. आज नेमकी वेळ मोजायची पाळी तिची होती, यंत्र गळ्यात लटकत होतं. "उत्तर नकोय मला," ती म्हणाली. कधी नव्हे ते तिचे शब्द अडकत होते. "फक्त घ्या. आणि... मला तुम्ही आवडता. फार. झालं. संपलं."

त्याने पेटी उघडली. मुठीच्या पाठीवर वळणदार अक्षरांत ते नाव होतं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग नियमाप्रमाणे पाच गोळ्या भरल्या, घोडा सहाव्या रिकाम्या खणावर टेकवला, तिने पाहून मान डोलावली, आणि तो रेघेवर जाऊन उभा राहिला.

ती मागे आली. यंत्रावर अंगठा ठेवून टोपीला बोटं लागायची वाट पाहू लागली.

बेनिग्नोने रुमाल खाली ओढला.

"या... या-या गा..." तो थांबला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "या गा-गा-गा..."

"वा! पाद्री बोलला!" मागून कोणी हसलं. "नवं सोंग!" आणखी दोघं-तिघं हसली. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि मैदानावर नुसता वारा ऐकू येऊ लागला. मीही हसलो होतो आधी. कुठे तोंड लपवू असं झालं.

"या गावातून मी... क-कु-कुठेही... जा-जाणार नाही!"

यंत्र वाजलं नाही. रोसाउरा त्याच्या उघड्या हनुवटीकडे, त्या रुंद पंजाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. बऱ्याच वेळाने बीप आला. चार गोळ्या पत्र्यावर टणटणल्या, एक मातीत गेली.

रिव्हॉल्व्हरं रिकामी करायच्या टेबलापाशी तिने त्याला गाठलं.

"दुकानात तुम्ही होतात!"

"हो."

"आणि मला बोलू दिलंत? ते सगळं?"

"तू... थां-थांबत नव्हतीस."

"मग पाय आपटायचा! काउंटरवर मूठ मारायची!" तिचा आवाज चिरकला. "बावळट केलंत मला!"

त्याने चक्र फिरवून एकेक खण रिकामा असल्याचं दाखवलं आणि रिव्हॉल्व्हर मुठीकडून तिच्यापुढे धरलं. "हे... त्याचं आहे. मी तो न-नाही."

ती ते घेईना. "दोन वर्षं मी त्यांच्याशी मनातल्या मनात बोलत होते," ती म्हणाली. "ते उत्तरं द्यायचे. कसे द्यायचे, माहितेय? एकदाही न अडखळता." हे तोंडून गेलं आणि तिने ओठ चावला. पण खरं होतं ते, आणि दोघांनाही कळलं होतं.

"मा-माहितेय," तो म्हणाला आणि जायला वळला.

"थांबा! कुठे निघालात? मला रडू द्या आधी त्यांच्यासाठी. इथेच, तुमच्यासमोर. दुसऱ्या कोणासमोर रडू मी?"

तो थांबला. ती रडली. चांगली हुंदके देऊन, त्याच्याच रुमालात नाक शिंकरत. तो खांद्यावर हात ठेवायला गेला आणि अर्ध्यावरूनच मागे घेतला.

"नाव काय तुमचं?" तिने मध्येच विचारलं.

बाकी शब्द अडला तर दुसरा शोधता येतो. स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. बेनिग्नोचे ओठ मिटले ते मिटलेच. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं.

"मॉड! यंत्र आण! माणसं खोळंबलीत!" मागून आरोळी आली.

"खोळंबू देत!" मागे न बघताच ती खेकसली आणि उभी राहिली. किती वेळ, देव जाणे.

"बे... बेनिग्नो," तो शेवटी म्हणाला. "बेनिग्नो बा-बाका."

"रोसाउरा." तिने ओला हात पुढे केला. "आणि तुम्ही मला आवडता की नाही, ते मला अजून माहीत नाही हं. खोटं नाही बोलणार."

"च... चालेल," बेनिग्नो म्हणाला, आणि त्याने तो हात धरला.