फुगलेल्या ओढ्यापलीकडची पेटी

दरीच्या टोकाशी बसवलेल्या पूरमापक यंत्राची पेटी खाली आणायची, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो. यंत्र जुनं. बॅटरी दोन दिवसांत संपणार, आणि ती संपली की वर्षभराच्या नोंदी पुसल्या जाणार! खालच्या गावांना पुराचे इशारे त्या नोंदींवरूनच दिले जात. वाट फक्त ताईला ठाऊक, आणि ताई सात महिन्यांपूर्वी कड्यावरून घसरून डोक्यावर आपटली होती.

हाडं शाबूत राहिली, पण मेंदूला हादरा बसला. शब्द ऐन वेळी दडी मारत. दोन माणसं एकदम बोलली की तिचं डोकं भणभणे. एका वेळी एकच काम आणि अर्ध्या तासाला विश्रांती, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी धाकटी बहीण. वेळ बघणं माझ्याकडे. यंत्र सोडवायला सोबत आलेले मेकॅनिकदादा मात्र प्रत्येक थांब्याला चुळबुळत.

दुपारी ओढा आडवा आला. फुगलेला, गढूळ, नुसता गरजत! ताई काठावर थिजली.

“कुठून उतरायचं, बाई? लवकर सांगा, पाणी चढतंय!” दादा ओरडले.

“ताई, त्या खडकापासून का?” मीही मध्येच बोलले.

तिने कान झाकले. “मला... काहीच सुचत नाहीये गं.”

दादांनी कमरेला दोर बांधला आणि ते सरळ पाण्यात शिरले. मांडीपर्यंत पाणी! ताईने खिशातली वही उघडली. सकाळी, डोकं ताजं असताना, तिने स्वतःच लिहिलं होतं: पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही.

“मागे या!” ती कडाडली. “आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही, पण सकाळी होतं. मागे!”

दादा पुटपुटत वळले. ते काठावर येतात न येतात तोच एक अख्खं झाड मुळासकट गरगरत गेलं! दादांनी कमरेचा दोर सोडला.

आम्ही उंचावर तंबू ठोकला. ताई गाढ झोपली. सकाळी पाणी ओसरलं होतं. ती बराच वेळ ओढा न्याहाळत राहिली. आम्ही दोघं मिठाची गुळणी धरून!

“त्या पांढऱ्या खडकाखालून,” ती म्हणाली. “एकेक जण.”

यंत्रापाशी पोचलो तेव्हा दिवा अजून लुकलुकत होता!

“दादा, ते द्या... ते... फिरवायचं!”

“स्क्रूड्रायव्हर?”

“तेच मेलं!” ताई खळखळून हसली.

परतीच्या उतारावर तिला गरगरलं. पेटी दादांनी घेतली, तिचा हात मी धरला.

“पूर्वीसारखी नाही गं राहिले मी.”

“नाहीच,” मी म्हटलं. “पूर्वी तू स्वतःचंसुद्धा ऐकायची नाहीस!”