पाच वाजायच्या आत

न्यायमूर्ती अनसूया टिळेकरांनी सवयीने कानामागच्या विधिकणावरून बोट फिरवलं. तांदळाएवढा हा कण प्रत्येकाला जन्मतःच बसवत. संसदेत कायदा झाला, की ठरल्या वेळी तो कणातून मेंदूत उतरे आणि माणसाला मनापासून पटे. पोलिसांना कामच उरलं नव्हतं. उतरण्याआधी कायदा तपासायची मुभा तेवढी न्यायालयाला होती, आणि संसदेच्या डोळ्यांत नेमकी तीच खुपत होती.

आजचा कायदा पाच वाजता उतरणार होता: यापुढे संसदेचा कायदा कोणत्याही न्यायालयाने तपासू नये. त्याआधी बाईंची निकालावर सही झाली, तरच तो रद्द करता येणार होता.

"आणि या मुलीचं काय?" टिळेकरबाईंनी सरकारी तज्ज्ञ डॉ. गद्रेंना विचारलं. समोर अर्जदार वत्सला गायधनी लेकीचा, ऋजुताचा, हात घट्ट धरून बसल्या होत्या.

"लाखात एखाद्याला कण काही पटवू शकत नाही, मॅडम. ही त्यातलीच. हिचे विचार बदलत नाहीत. जीभ मात्र बंद करता येते. कायमची. नव्या कायद्यात तशी तरतूद आहे."

"तिला दुखेल?"

"छे! फक्त आवाज येणार नाही." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

बाईंचं डोकंच सणकलं. साडेचारला त्यांनी भर कोर्टात निकाल सांगितला. संसद घटनेतून जन्मली. घटनेचाच गळा घोटायचा अधिकार तिला नाही. कायदा रद्द! वत्सलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पाचला सात मिनिटं असताना लघुलेखक कदम टंकलेली प्रत घेऊन आले. पहिल्याच पानावर अर्जाचा क्रमांक चुकला होता.

"हातानेच दुरुस्त करा ना, मॅडम," कदम काकुळतीला आले.

"कदम, निकाल आहे हा, वाण्याची यादी नव्हे. नीट काढून आणा." एकतीस वर्षांत बाईंनी खाडाखोड असलेल्या पानावर सही केली नव्हती.

नवं पान आलं तेव्हा पाच वाजून एक मिनिट झालं होतं. बाईंनी ते वाचलं. हे आपणच सांगितलं, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. का सांगितलं, तेच कळेना. संसदेला जाब विचारणारे आपण कोण?

त्यांनी पान टराटरा फाडलं. "अर्ज फेटाळला."

"बरोबरच आहे, मॅडम," वत्सलाबाई ओशाळून म्हणाल्या. "उगाच तुमचा वेळ घेतला."

ऋजुताने आईचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं. तिचे ओठ 'आई, आई' म्हणत होते.

वत्सलाबाईंनी कौतुकाने तिच्या केसांवरून हात फिरवला. "बघा, कशी शहाण्यासारखी गप्प झाली!"