पुढचं उजवं चाक

घाट अर्धा उतरून झाला होता, तोच हॉलिसच्या पिकअपच्या पुढच्या उजव्या चाकातून धूर निघू लागला. नशीब एवढंच, की वळणावरच गॅरेज होतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरांत, घरात पाना असताना गाडी गॅरेजला नेणं पुरुषाला कमीपणाचं वाटतं. वडिलांच्या या तीस वर्षं जुन्या गाडीचं त्या चाकाचं कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारा भाग, हॉलिसनं दोनदा स्वतःच बदललं होतं, तरी ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. आणि सोमवारी त्याला ओहायोत नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं.

गॅरेजची मालकीण रोवेना हात पुसत बाहेर आली. तिनं चाकाजवळ नुसता तळहात नेला, वास घेतला.

"कॅलिपर बदललंत?"

"दोनदा."

"मग तिसऱ्यांदा कधी बदलणार होतात?"

हॉलिसचे कान लाल झाले.

तिनं चाक जॅकवर उचललं आणि त्याला ब्रेक दाबून सोडायला लावला. चाक अडकलं ते अडकलंच. लोखंडी नळी जिथे रबरी नळीला मिळते, तो जोड तिनं सैल केला. चाक ढिम्म. मग कॅलिपरवरचा छोटा स्क्रू जरासा उघडला... ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरलं!

"म्हणजे दोष या दोन्हींच्या मधे," तिनं रबरी नळीवर बोट ठेवलं. "वरून ठणठणीत, पण आतून सुजलीय. जोर लावला की ऑइल पुढे जातं, परत येत नाही."

दोन वर्षं तो या चाकाशी झटत होता. तिनं दहा मिनिटांत, आवाजही न चढवता, त्याचं गुपित काढून घेतलं. हॉलिस तिच्या तेलानं काळ्या झालेल्या बोटांकडे बघतच राहिला.

नवी नळी शहरातून यायला शनिवार उजाडणार होता. तोवर तो रोज चार मैल चालत 'गाडी बघायला' यायचा, येताना बेकरीतले दोन गरम पेपरोनी रोल, आत तिखट सॉसेज भरलेले पाव, आणायचा. गाडी कुठे पळून जाणार नाही, तिचे ब्रेक लागलेत, असं म्हणत ती चिडवायची, आणि दोन्ही रोल फस्त करायची.

शनिवारी पत्र्यावर पाऊस वाजत होता. नळी बसली, आता फक्त ब्रेकमधली हवा काढायची. हे काम दोघांचं. तो आत बसून ब्रेक दाबणार, ती खाली स्क्रू उघडून बंद करणार. तिनं सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत शिरते.

"शेवटची खेप. दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा..."

खाली फुसफुसलं, थांबलं. मग काहीच नाही. हॉलिसची पोटरी भरून आली.

"रोवेना? स्क्रू बंद झाला का?"

"मघाशीच झाला —"

"मग?"

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"मी सोडा म्हटलं की गाडी तयार होते, हॉलिस. आणि तू जातोस."

तिनं पहिल्यांदाच त्याला एकेरी हाक मारली होती. आनंदानं त्याला लगेच उडी मारून खाली उतरावंसं वाटलं. पाय मात्र त्यानं हलवला नाही.

"ओहायो तीन तासांवर तर आहे," तो म्हणाला. "दर शनिवारी येईन. जुनी गाडी, काहीतरी बिघडेलच."

"मी हात लावलेली गाडी दर शनिवारी बिघडत नाही."

"मग... न बिघडलेली घेऊन येईन."

गाडीखालून हसू ऐकू आलं.

"सोड आता," ती म्हणाली.

तो उतरून खाली आला तेव्हा तिनं तेलकट हातानं ते चाक फिरवलं. चाक मुकाट्यानं, सहज फिरत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत दोघं शेजारी उभे राहून बघत होते.