सात नंबरची नोंद

काशीदला त्या रात्री वीज गेलेली. कल्पिताने पडवीत चहा आणून ठेवला. सासरे, चांगदेवतात्या, गोष्टीतल्या भुतापाशी पोचले की चहा विसरतात, हे लग्नानंतरच्या दोन महिन्यांत तिच्या ध्यानात आलं होतं.

“माझ्या भाच्यावर गुदरलेली गोष्ट हाय,” तात्या म्हणाले. “धनेश. माणगावात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.”

अकरा एप्रिल, दोन हजार एकोणीस. गुरुवार. रात्री साडेआठला धनेश बोर्ली पंचतनच्या पुढे, खाडीकाठच्या बंद बर्फ कारखान्यात पोचला. काम साधं. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी लॅपटॉपवर घ्यायच्या. सकाळी भंगारवाला येणार होता, म्हणून आजच.

बोलावलं होतं भागुबाईंनी. त्यांचा नवरा रतन तेवीस वर्षांपूर्वी बर्फ फोडायच्या यंत्रात गेला. मालक शिवदासशेठ गावभर सांगत राहिला, पिऊन चालत्या यंत्रात उतरला. कारखान्याची रीत अशी, की अडकलेला बर्फ काढायला उतरण्याआधी आपला नंबर दाबून यंत्र बंद करायचं; चालू करणाऱ्यानेही आपला नंबर दाबायचा. रतनचा नंबर सात, शेठचा एक. कॉम्प्युटर ते वेळेसकट लिहून ठेवी. तेव्हा कुणी उघडून पाहिलं नाही.

“बेवडा मेला, आता डबा शपथ घेणार व्हय?” कुलूप काढायला आलेला शेठ चावी फिरवत हसला.

भागुबाई पायरीवरच बसल्या. “तुमी बसा ना, शेठ. आयका.”

धनेशने केबल जोडली. लॅपटॉपची स्क्रीन कोरी. मग चूक कळली. केबल सरळ होती. बोलायची तार बोलायच्या तारेला, ऐकायची ऐकायच्या.

“दोघं बोलतायत, ऐकतंय कोण?” तात्या म्हणाले. “आपल्या घरासारखं.”

धनेशने तारा कापून अदलाबदल केली. अक्षरं आली, पण नुसता कचरा. त्याने वेग उतरवला. जुनं यंत्र सावकाश बोलणारं. मग ओळी सरळ झाल्या. रतन गेला त्या दिवसाच्या ओळी धनेशने मोठ्याने वाचल्या.

९:४० बंद. सात.

९:४४ चालू. एक.

भागुबाईंनी पदर तोंडाला लावला.

शेठ उठला. केबल दोन्हीकडून उपटून काढली.

लॅपटॉपवर पुढची ओळ आली.

आजची तारीख. ९:४० बंद. सात.

धनेशने घड्याळ पाहिलं. नऊ त्रेचाळीस.

केबल शेठच्या मुठीतून लोंबत होती... मग लोंबेना. ताठ झाली. यंत्राच्या खोलीकडे. अंधारात.

चालू. एक.

यंत्र फिरलं.

“तात्या,” कल्पिता हळूच म्हणाली, “बंद कारखान्यात मोटार...?”

“कधीच विकलेली, बाय.”

केबल शेठच्या मनगटात रुतली. हाड मोडलं. शेठ फरशीवरून घासत निघाला. धनेशने पाय धरले. शेठ ओरडत होता, “मी न्हाय... मी बघितलंच न्हाय, आत कोण...”

बोटं गेली. मग कोपर. ओरडणं खांद्यापाशी थांबलं. धनेशच्या हातात चप्पल राहिली. तोंडावर गरम रक्त उडालं. रक्तात बर्फाचा चुरा.

मग... काही नाही.

भागुबाई आत आल्या. स्क्रीनवर शेवटची ओळ होती.

९:४६ बंद. सात.

जुन्या की-बोर्डवर धनेशने अक्षरंच तेवढी दाबली होती. आकड्यांवर तेवीस वर्षांची धूळ. फक्त सातावर नव्हती. तिथे बोटाएवढी जागा पुसलेली, आणि तिच्यात बर्फाचा एक कण.

एप्रिलचा उकाडा. पोलीस यायला तीन तास लागले.

कण तसाच होता.